बोटं आधी की भाव आधी?

प्रश्न : मी पियानोवर शोपाँ या संगीतकाराचा ई मेजर स्वरपट्टीतला एट्यूड, म्हणजे तंत्राच्या सरावासाठीची रचना (ओपस १०, क्रमांक ३), बसवते आहे. पहिलं पान मनासारखं वाजतं, पण मधला सिक्स्थचा (एकमेकांपासून सहाव्या स्वरावरचे दोन सूर एकत्र वाजवायचा) भाग अडखळतो. सर म्हणतात, आधी सूर स्वच्छ बसव, भाव नंतर बघू. महिनाभर ठोके देणारा मेट्रोनोम लावून घासलं, तरी तो भाग कोरडाच वाजतो. काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या सरांचं निम्मं म्हणणं मला पटतं. सूर स्वच्छ हवेतच. पण 'भाव नंतर' असं मी माझ्या विद्यार्थ्यांना कधीच सांगत नाही. महिनाभर सगळे सूर एकाच वजनाने वाजवले, तर हाताला तेच पाठ होतं.

आधी पहिलं पान पुन्हा तपासा. मला ते मधल्या भागाहून अवघड वाटतं. तिथं सुरावट गायची असते ती बहुतेक चौथ्या-पाचव्या बोटांनी, आणि त्याच हाताची आतली बोटं खाली सेमीक्वेव्हर, म्हणजे छोटे जलद सूर, वाजवत असतात. म्हणजे सगळ्यात दुबळ्या बोटांकडे सगळ्यात मोठं काम. एक करून पाहा : वरची ओळ भरघोस आवाजात, पूर्ण लेगाटो (सूर न तोडता, जोडून) वाजवा आणि आतल्या सुरांच्या पट्ट्यांना फक्त स्पर्श करा, आवाज येऊ देऊ नका. हात आपोआप करंगळीकडे किंचित कलेल. आता हे तंत्र म्हणायचं की भाव? शोपाँ आपल्या शिष्यांना इटालियन गायक ऐकायला सांगत, ते उगीच नाही.

लयीकडेही बघा. हस्तलिखितात शोपाँने आधी 'व्हिवाचे मा नॉन त्रोप्पो' (जलद, पण फार नाही) लिहिलं होतं. १८३३ साली छापताना ते 'लेंतो मा नॉन त्रोप्पो' (सावकाश, पण फार नाही) झालं, तरी सोबत क्वेव्हरला (सेमीक्वेव्हरच्या दुप्पट लांब सुराला) मिनिटाला १०० असा वेग दिलेला आहे. आज बहुतेक वादक याहून बरेच सावकाश वाजवतात. पियानोचा सूर दाबल्या क्षणापासून विरायला लागतो. फार रेंगाळलात तर ओळ तुटते, आणि मधला भाग दुसऱ्याच रचनेतून आल्यासारखा वाटतो.

आता सिक्स्थ. आठवडाभर मेट्रोनोम बंद ठेवा. दोन्ही हातांचे फक्त बाहेरचे सूर घ्या, उजव्याचा वरचा आणि डाव्याचा खालचा. एवढेच सूर, पण हव्या त्या वेगात आणि आवाजाच्या पूर्ण चढउतारासह. हे कानात बसलं की आतले सूर मिळवा, एका वेळी एकच बीट, आणि पुढच्या बीटच्या पहिल्या जोडीवर थांबा. थांबल्यावर मनगट सैल आहे का, बघा. ताठ असेल तर तिथून पुढे जाऊ नका. हा सगळा गदारोळ शेवटी मूळ सुरावटीकडे नेणाऱ्या शांत ओळींत उतरतो. त्या ओळी आधी पाठ करा आणि मागे मागे येत सराव करा, म्हणजे कुठे पोचायचंय ते हाताला ठाऊक असेल. पेडल अगदी शेवटी.