शब्दशंका : नंदीबैल आणि कोले बसव

प्रश्न : गावच्या बैठकीत एकानं दुसऱ्याला ‘नुसता नंदीबैल हाय’ म्हटलं आणि भांडण जुंपलं. शेजारचे कानडी काका म्हणाले, आमच्यात ह्याला ‘कोले बसव’ म्हणतात. दोन्ही एकच का? आणि नंदी तर देव, मग ही शिवी कशी?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : शिवमंदिरात पिंडीसमोर बसलेला नंदी मान हलवत नाही. हा शब्द आला दारावर येणाऱ्या नंदीवरून. पाठीवर झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळ. नंदीवाला गुबूगुबू वाजवत विचारतो, “औंदा पाऊस पडंल का?” आणि बैल मान डोलावतो. बघणाऱ्याला वाटतं, त्याला प्रश्न कळला. त्याला कळतो तो मालकाचा इशारा : दोरीला दिलेला हलका हिसका, वाद्याची बदललेली लय, आवाजातला चढ. तोच प्रश्न तुम्ही विचारून बघा, बैल ढिम्म!

म्हणून नंदीबैल म्हणजे मूर्ख, हा अर्थ चुकीचा. त्यासाठी नुसता ‘बैल’ किंवा ‘बैलोबा’ आहे. मुकाट राबणारा तो घाण्याचा बैल. ज्याची दोरी दुसऱ्याच्या हातात, तो नंदीबैल. ‘होयबा’ जवळचा, पण एक नाही. होयबा बहुधा स्वतःचा फायदा बघून होय म्हणतो. नंदीबैलाला विचारतंय कोण? बैठकीत भांडण झालं ते यामुळंच, कारण हा शब्द एकाला म्हटला तरी दोघांना लागतो.

कानडी काकांचं बरोबर आहे. ‘कोले बसव’ म्हणजे हाच सजवलेला बैल, आणि मान डोलावणाऱ्या माणसालाही तेच म्हणतात. ‘बसव’ हा संस्कृत ‘वृषभ’चा कानडी अवतार. मात्र कानडीत बोलताना ‘कोले’ गाळू नका. नुसतं ‘बसव’ म्हटलं की नंदी किंवा बसवण्णा आठवतात, आणि टोमणा भलतीकडंच जातो.

मराठी शब्दात गंमत अशी की ‘नंदी’ संस्कृत, ‘बैल’ प्राकृत ‘बइल्ल’वरून, म्हणजे बैलाला बैल जोडलाय. लिहिताना सहसा ‘नंदीबैल’ असंच लिहितात. मूळ ‘नन्दिन्’सारखे शब्द मराठी समासात आधी आले तर नियमानं ऱ्हस्व होतात : विद्यार्थिमंडळ, पक्षिमित्र; नंदीबैल मात्र दीर्घच रूढ आहे.