दमट हवा आणि बंदर असूनही गोव्यात कापडगिरण्या का नाहीत?

प्रश्न : माझ्या मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात सुती कापड उद्योगाला दमट हवा आणि बंदर अनुकूल असते, असे दिले आहे. गोव्यात दोन्ही असताना येथे मुंबईसारख्या गिरण्या का झाल्या नाहीत, आणि कोरड्या नागपुरात त्या कशा चालल्या?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : या प्रश्नाचे मूळ कापसाच्या वजनात आहे. शेतातून वेचलेल्या कापसात सुमारे दोन-तृतीयांश वजन सरकीचे असते, म्हणून सरकी काढण्याचे जिनिंगचे काम यवतमाळ-वर्ध्यासारख्या कापूसपट्ट्यातच होते. पण एकदा रुईच्या गाठी बांधल्या की पुढे सूत आणि कापड होताना वजन फारसे घटत नाही. आपल्या धारबांदोड्याचा साखर कारखाना उसाच्या जवळच असावा लागला, कारण 100 किलो उसातून जेमतेम 10 किलो साखर निघते. गिरणीला असे बंधन नसल्यामुळे भांडवल, इंधन, मजूर आणि बाजारपेठ यांचा जेथे मेळ बसतो तेथे ती उभी राहते.

मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 मध्ये स्थापलेली ताडदेवची गिरणी 1856 मध्ये सुरू झाली, तेव्हा शहरात कापसाच्या व्यापारातला पैसा होता, यंत्रे आणि कोळसा बोटीने थेट उतरत होता, रेल्वे नुकतीच धावू लागली होती आणि कोकणातून माणसे कामासाठी येत होती. दमट हवेमुळे धागा कमी तुटे, हा लाभ खराच. परंतु माझ्या मते पुस्तके त्याला गरजेपेक्षा अधिक महत्त्व देतात. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस दाराशी आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ असल्यामुळे. हवेतला कोरडेपणा गिरणीच्या विभागांमध्ये कृत्रिम ओलावा राखून घालवता येतो.

गोव्याच्या जांभ्या जमिनीत आणि मुसळधार पावसात कापूस पिकत नाही, तरी मुरगावहून घाटावर जाणाऱ्या रेल्वेने धारवाडकडचा कापूस येथे आणता आला असता. अडचण कापड विकण्याची होती. गोव्याची लोकसंख्या थोडी, आणि सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानची जकात. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे ही जकात काही काळ उठली होती. मात्र रेल्वे 1888 च्या सुमारास पूर्ण झाली आणि कराराची मुदत 1892 मध्ये संपली, म्हणजे लोहमार्ग आणि खुली सीमा या दोन्ही गोष्टी गोव्याला एकत्र मिळाल्या त्या जेमतेम चार वर्षे.