ग्रँड कॅन्यनमध्ये गाईडशिवाय राफ्ट: वाचक विचारतात

बडोद्यातल्या निम्म्या घरांचं एक टोक अमेरिकेत असतं, त्यामुळे या प्रश्नांचं आम्हाला नवल वाटलं नाही. बहुतेक पत्रं रॅपिडबद्दल, म्हणजे नदीत पाणी खवळतं त्या जागांबद्दल, आहेत. उत्तरं मात्र बादल्या, पट्टे आणि संडासाच्या डब्यांबद्दल जास्त आहेत, कारण अशा सहली फसतात त्या तिथेच.

प्रश्न: मुलगा फिनिक्सला असतो. ग्रँड कॅन्यनमधल्या कोलोरॅडो नदीवर स्वतः राफ्ट नेण्याचा परवाना त्याला लॉटरीत लागलाय, पुढच्या ऑगस्टचा. आम्हालाही चला म्हणतो. मी 58, ही 55. तरणतलावात पोहतो. गाईड नसेल म्हणे. झेपेल का?
— वाचक, दांडिया बाजार

गाईड नसतो एवढंच नाही, तो पैसे देऊन नेताही येत नाही. खासगी परवान्यावर खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, कुणी त्यावर कमाई करायची नाही, असा नियम आहे. त्यामुळे पहिला प्रश्न तुमच्या वयाचा नाही. वल्ही कोण मारणार, आणि त्याने अशी मोठी नदी आधी चालवली आहे का, हे मुलाला नीट विचारा. ‘मित्राला येतं’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

लीज फेरी (सुरुवात) ते डायमंड क्रीक (शेवट) हे अंतर 226 मैल, म्हणजे सुमारे 364 किलोमीटर. तिथल्या उन्हाळ्यात त्यासाठी जास्तीत जास्त 16 दिवस मिळतात. रोजचे साधारण 23 किलोमीटर झाले, आणि त्यातलं बरंचसं पाणी संथ असतं. अठरा फुटी राफ्टवर एकजण वल्ही मारतो, बाकीचे धरून बसतात. तेवढं तुम्हाला जमेल. कस लागतो तो रोज संध्याकाळी सगळं सामान उतरवण्यात आणि सकाळी पुन्हा चढवून बांधण्यात. हातमोडी आणि पायमुरगळी बऱ्याचदा पाण्यात नव्हे, तर ओल्या खडकावर चपलेने चालताना होतात. मागे पट्टा असलेल्या, घट्ट बसणाऱ्या सँडल घ्या.

ऑगस्टमध्ये दरीच्या तळाशी पारा चाळिशीच्या वर जातो. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही. आपल्याकडच्या मे महिन्याची सवय इथे थोडी फसवते. तहान लागली म्हणून नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. दर दोन-तीन तासांनी खारं काहीतरी खा आणि ओआरएस जवळ ठेवा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. औषधांचे दोन संच करून ते दोन वेगळ्या राफ्टवर ठेवा.

अर्धीच सहल करायची असेल तर लीज फेरीपासून सुमारे 88 व्या मैलावर फँटम रँच या दरीच्या तळाशी असलेल्या मुक्कामाच्या जागी उतरता येतं. पण तिथून ब्राइट एंजल वाटेने दक्षिण कड्यावर यायला 15 किलोमीटर चाल आणि सुमारे 1,340 मीटर चढ आहे. ऑगस्टच्या उन्हात आम्ही तो सुचवणार नाही. फारच वाटलं तर पहाटे अंधारात निघा.

प्रश्न: लॉटरीत नंबर लागायचा कसा?
— वाचक, कारेलीबाग

2006 पासून प्रतीक्षायादी गेली आणि तिच्या जागी वजनी सोडत आली. मुख्य सोडत फेब्रुवारीत, पुढच्या वर्षाच्या तारखांसाठी. गेली काही वर्षं ज्याने ही दरी केलेली नाही त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त, पाचपर्यंत. लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी: ज्याच्या नावावर परवाना त्याला आयत्या वेळी जाता आलं नाही, तर अर्जातच पर्यायी प्रमुख म्हणून नोंदवलेला माणूसच सहल नेऊ शकतो. नंतर नाव घालता येत नाही. हा रकाना रिकामा सोडू नका. आणखी एक, एका वर्षात एका माणसाला एकच सहल.

प्रश्न: सोळा माणसं, सोळा दिवस. पिण्याचं पाणी कुठून आणायचं?
— वाचक, मांजलपूर

नदीतून. पिण्या-रांधण्याला मिळून रोज शंभर लिटर सहज लागतं, तेवढं बरोबर नेणं शक्यच नाही. ग्लेन कॅन्यन धरणातून सुटणारं पाणी हिरवट आणि स्वच्छ असतं. पण पावसाळी दिवसांत परिया आणि लिटल कोलोरॅडो या उपनद्या येऊन मिळाल्या की ते चहासारखं होतं. असं पाणी थेट फिल्टरमध्ये घातलंत तर त्याचं आतलं काडतूस (कार्ट्रिज) तासाभरात तुंबतं. म्हणून आपल्या आजीचाच उपाय, तुरटी. 20 लिटरच्या बादलीला पाव ते अर्धा चमचा पूड, मिनिटभर ढवळायचं, आणि बादली रात्रभर हलवायची नाही. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं, तळाचा चार बोटं गाळ तसाच ठेवायचा. मग फिल्टर, आणि शेवटी सुगंध नसलेलं घरगुती ब्लीच, लिटरला दोन थेंब, अर्धा तास थांबून. कंटाळून तुरटी जास्त घातली तर पाणी तुरट लागतं आणि लोक कमी पितात. दरीत ते परवडत नाही.

बादल्या किमान चार लागतील आणि त्या भांडी धुण्याच्या बादल्यांपासून वेगळ्या हव्यात. रंग वेगळे घ्या.

प्रश्न: विचारायला संकोच वाटतो, पण संडासाचं काय?
— एक वाचक भगिनी, रावपुरा

संकोच कशाला, सहलीआधीच्या बैठकीत हाच पहिला विषय असायला हवा. सगळी विष्ठा डब्यात भरून बाहेर न्यायची हा सक्तीचा नियम आहे. झाकण घट्ट बसणारा लष्करी पत्र्याचा डबा, वर सीट. एक डबा साधारण 50 माणूस-दिवस पुरतो. सोळा माणसं गुणिले सोळा दिवस म्हणजे 256, तेव्हा सहा डबे धरा. लघवी मात्र डब्यात करायची नाही, थेट नदीत करायची. ऐकायला विचित्र वाटेल, पण वाळवंटात पाऊस इतका कमी की काठाची वाळू धुतली जात नाही आणि मुक्कामाच्या जागा वर्षभर दर्पतात. नदीत तिचा मागमूसही उरत नाही.

आपल्याला पाण्याची सवय. प्रत्येकाने दर वेळी पाव लिटर वापरलं तर 16 दिवसांत डब्यांत 64 लिटर पाणी साठेल, डबे जड होतील आणि सांडतील. आधी कागद, मग छोट्या बाटलीने अगदी थोडं पाणी, आणि एक डबा जादा, हे भाड्याने सामान घेण्याआधी प्रमुखाला सांगा. ‘आत कोणी आहे का’ हे कळावं म्हणून वाटेच्या तोंडाशी टॉयलेट पेपरची पिशवी ठेवतात, जाणारा ती घेऊन जातो. पिशवी जागेवर नसेल तर थांबायचं. हात साबणानेच धुवा. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस अशा सहलींत झपाट्याने पसरतो आणि सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही.

प्रश्न: लाव्हा फॉल्सचे व्हिडिओ पाहून झोप उडाली. राफ्ट उलटली तर?
— वाचक, वाघोडिया रोड

लाव्हा हे मोठं रॅपिड 179 व्या मैलावर येतं, म्हणजे तोवर तुमच्या वल्हेकऱ्याचा हात बसलेला असतो. बाजूच्या ओढ्यांनी पुरात आणून टाकलेल्या धोंड्यांमुळे नदी आवळली जाते आणि तिथे रॅपिड होतं. क्रिस्टल हे रॅपिड डिसेंबर 1966 च्या एका पुरात असंच रातोरात बदललं. म्हणून जुन्या नकाशावर विसंबू नका. रॅपिडच्या आधीच काठाला लागायचं, चालत जाऊन बघायचं. लाव्हामध्ये वरच मधोमध पाणी उलटं फिरवणारा जो मोठा खड्डा आहे तो चुकवणं हेच मुख्य काम. बाजू कोणती, ते त्या दिवशीच्या पाण्यावर.

बसलेल्यांनी करायचं ते असं. राफ्ट खडकावर आडवी चढली की तिची जी बाजू वर उचलली जाते तिकडे सगळ्यांनी अंग टाकायचं. ओरडा झाला की विचार करत बसायचं नाही. पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने, गुडघे किंचित वाकवून. उथळ दिसलं तरी उभं राहू नका, धोंड्यांत पाऊल अडकलं तर पाणी माणसाला पुढे दाबून धरतं. राफ्ट आणि खडक यांच्या मध्ये तर कधीच येऊ नका. पाणी बरंच थंड असतं. काही मिनिटांत बोटं वळेनाशी होतात, म्हणून पहिल्याच संधीला राफ्टला धरा. अंगात सुती कपडा नको. लाईफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांदे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे.

सामान बांधताना राफ्ट उलटणारच आहे असं समजून बांधतात: बकलचे पट्टे, सुटी दोरी कुठेही लोंबत नाही, पट्ट्यांची शेपटं आत खोचलेली. तुम्ही वल्ही मारणार नसलात तरी हे काम शिकून घ्या.

आणि रात्रीचं विसरू नका. धरणातून पाणी दिवसभर कमी-जास्त सुटतं. चढलेल्या पाण्यात राफ्ट काठाला लावून झोपलात तर सकाळी ती कोरड्या वाळूवर बसलेली आढळते. भरलेली राफ्ट ढकलून हलत नाही, पाणी परत चढेपर्यंत बसून राहायचं. तंबूही ओढ्याच्या तोंडाशी लावू नका. जुलै ते सप्टेंबरमध्ये दूर कुठेतरी पडलेला पाऊस तिथून येतो.

प्रश्न: इथे काही सराव होईल?
— वाचक, दांडिया बाजार

केवडियाजवळ खलवाणीला नर्मदेवर राफ्टिंग होतं. तिथे राफ्टवर बसायची सवय होईल, थंड पाण्याची होणार नाही. ऋषिकेशला मार्चमध्ये गेलात तर ती थोडी होईल. पावसाळ्यात तिथलं राफ्टिंग बंद असतं. आणि तरणतलावात लाईफ जॅकेट घालून, कपड्यांसकट, पाठीवर पोहून बघा.

प्रश्न: खायला काय न्यावं?
— वाचक भगिनी, मांजलपूर

लिलो चेवडा, खाकरे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट उत्तम, फक्त विमानतळावर खाण्याचं सामान जाहीर करा. फरसाणाचे कण वाळूत सांडू देऊ नका, लाल मुंग्या येतात आणि चावतात. लोणचं काचेच्या बरणीत नेऊ नका.