‘सशर्त वचनचिठ्ठी’ म्हणावं का?

लातूरच्या एका वाचकाने विचारलंय: ब्लॉकचेनवरच्या (म्हणजे अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवरच्या) एका पेटंटचा गोषवारा शेतकरी कंपनीच्या संचालकांसाठी मराठीत करतोय. त्यात ‘कंडिशनल पेमेंट प्रॉमिस’ पदोपदी येतं. ‘सशर्त वचनचिठ्ठी’ लिहिलं तर चालेल का?

नका लिहू. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात कलम ४ ची वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) मुळातच विनाअट असते. अट घातली की ती कायद्याने वचनचिठ्ठी राहतच नाही. संचालकांत एखादा वकील असला तर पहिल्याच ओळीला अडवेल.

आपल्या पेठांत मात्र अटीच्या कागदाला नाव होतं: जोखमी हुंडी. (हुंडी म्हणजे ‘अमक्याला पैसे द्या’ असा एका व्यापाऱ्याने दुसऱ्यावर काढलेला कागद.) माल सुखरूप पोचला तरच पैसे. वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. दर्शनी, मुदती, शहाजोग या तिच्या बहिणी, पण अट घेऊन जन्मलेली हीच. आणि गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या कलम १ ने देशी भाषांतल्या अशा कागदांचा स्थानिक रिवाज शाबूत ठेवलाय.

तरी गोषवाऱ्यात सरळ ‘हुंडी’ही लिहू नका. हुंडी सकारावी लागते. ज्याच्यावर ती काढली तो सावकार हो म्हणणार किंवा परत पाठवणार. ब्लॉकचेनवर सकारणारा कुणी नसतो. रक्कम बहुतेक वेळा आधीच कोडमध्ये अडकवून ठेवलेली असते. अट पुरी झाली की मिळते, मुदत टळली की देणाऱ्याकडे परत. त्यामुळे ‘सकारणे’ सोडा, ‘वटणे’ घ्या. वटायला कर्ता लागत नाही.

खरी मेख अटीच्या साक्षीत आहे. समजा, ‘सोयाबीनची हवा १२ च्या आत भरली तर पैसे द्यावेत’ अशी अट आहे. (हवा म्हणजे ओलाव्याचे टक्के, हे लातूरकरांना सांगायला नको; पुण्याच्या वाचकांसाठी लिहिलं.) आडतीवर मशीन लावलं, आकडा आला, पण तो साखळीला सांगणार कोण? त्या सांगणाऱ्याला तिकडे ‘ऑरॅकल’ म्हणतात. काही जण ‘देववाणी’ करतात, ते हास्यास्पद आहे. ‘ग्वाहीदार’ म्हणा. मशीनमध्ये फेरफार झाला तर कोड बरोबर चालूनही पैसे चुकीच्या खात्यात जातील, हे त्या शब्दातून लगेच कळतं.

‘या वचनाचं पेटंट’ असंही लिहू नका. पेटंट असतं ते वचन हाताळण्याच्या पद्धतीचं. आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम ३ (ट) म्हणा की ३(के), त्याने धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता संगणक प्रोग्राम वगळलेत. परदेशात मिळालं म्हणून इथे मिळेलच असं संचालकांनी धरू नये.

माझी निवड: ‘सशर्त देयवचन’. पहिल्यांदा येईल तिथे एकदाच लिहा, ‘म्हणजे जुन्या जोखमी हुंडीसारखं, अट पुरी झाली तरच वटणारं’. पुढे नुसतं ‘देयवचन’ पुरे.