पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन थेट शिरेत का देत नाहीत? सलाईनमध्ये कसं मिसळायचं?

थेट दिल्यास रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढून हृदय बंद पडू शकतं. म्हणून पातळ न करता कधीच नाही.

१५ टक्क्यांच्या १० मिलीच्या अँप्यूलमध्ये पोटॅशियमचे साधारण २० मिलीइक्विव्हॅलंट (mEq, क्षारांची मात्रा मोजायचं एकक) असतात. ते ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये घाला. डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) नको, कारण त्याने इन्सुलिन वाढून पोटॅशियम रक्तातून पेशींत जातं. वॉर्डात हाताच्या शिरेतून वेग सहसा तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटपर्यंतच, म्हणजे ही बाटली किमान दोन तास चालायला हवी.

हमखास होणारी चूक: टांगलेल्या बाटलीतच औषध सोडणं. ते जड असल्याने तळाशी साचतं आणि सुरुवातीलाच तीव्र डोस जातो. बाटली उतरवा, औषध घालून नीट उलटसुलट करा, लेबल लावा, मगच टांगा. आधी लघवी पुरेशी होतेय ना, हे बघाच.