लेकीच्या अर्धशिशीसाठी सप्लिमेंट सुरू करण्याआधी

ताई, तीन डबे एकदम आणू नका. एका वेळी एकच सुरू करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळायचंच नाही. मुलांना बहुधा रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी-२) किंवा मॅग्नेशियम सुचवतात. मुलांमधला पुरावा तोकडा आहे, पण बी-२ सहसा सोसतं. लघवी गर्द पिवळी होते, घाबरू नका. मॅग्नेशियमने पोट ढिलं होतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. मोठ्यांच्या अभ्यासातले रोजचे ४०० मिलिग्रॅम बी-२ लेकीला परस्पर देऊ नका. बटरबर ही वनस्पती मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून कुणी कितीही गळ्यात मारलं तरी दूर ठेवा, यकृताला इजा होऊ शकते.

दोन-तीन महिने धीर धरा. वहीत तारीख, डोकं किती वेळ दुखलं, झोप, पाळी आणि शाळेचा डबा संपवला की तसाच परत आणला, हे लिहा. उपाशीपोटी शाळेत जाणाऱ्या पोरीला नुसत्या गोळ्या काय करणार? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ८ ते १७ वयाच्या मुलांत टोपिरामेट आणि अमिट्रिप्टिलिन ही अर्धशिशी टाळण्यासाठी देतात ती औषधंसुद्धा प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) सरस ठरली नाहीत.

आणि डोकेदुखीने पहाटे जाग येऊन उलट्या होऊ लागल्या, ताप आणि मान आखडली किंवा अचानक असह्य दुखलं, तर वही बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा.