वायरमनकाकांना विचारा: झालेल्या कामाचा दाखला आता कोण देणार?

प्रश्न : काका, हॅरोमधलं आमचं सेमी-डिटॅच्ड घर आम्ही विकायला काढलंय. २००९ साली मागच्या बाजूला किचन वाढवलं, तेव्हाच फ्यूजबॉक्स बदलला आणि वरच्या बाथरूममध्ये इलेक्ट्रिक शॉवर बसवला. वायरिंग मिस्टरांच्या ओळखीतल्या एका मुलाने केलं. पैसे रोख घेतले, कागद काही दिला नाही. तो आता कॅनडात असतो. खरेदीदारांच्या सॉलिसिटरने सर्टिफिकेट मागितलंय. एक इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘चारशे पौंड द्या, जुन्या तारखेचं करून देतो.’ घ्यावं का? नाही घेतलं तर घर अडकेल का?

उत्तर : ताई, त्या माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा. तो जे विकतोय ते सर्टिफिकेट नव्हे, खोटा कागद आहे.

नव्या वायरिंगच्या सर्टिफिकेटवर तीन गोष्टींसाठी सह्या असतात : आखणी कोणी केली, काम कोणी केलं आणि तपासणी कोणी केली. काम करणारा सही करू शकतो, कारण प्लास्टर चढण्याआधी केबल कुठून गेली, जोड कुठे दिला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. दुसऱ्याने केलेल्या कामाला सोळा वर्षांनी तिसरा माणूस ही सही देऊच शकत नाही, मग तो कितीही हुशार असो. तो फक्त एवढंच सांगू शकतो की आज या घराचं वायरिंग कसं आहे. हा फरक डोक्यात पक्का बसवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

आता सॉलिसिटर विचारतोय कशासाठी? घर विकताना तुम्हाला टीए ६ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात १ जानेवारी २००५ नंतर काही वायरिंग केलंय का, असा प्रश्न असतो. त्या दिवशी इंग्लंड-वेल्समध्ये बिल्डिंग रेग्युलेशन्सचा ‘पार्ट पी’, म्हणजे बांधकामाच्या नियमांतला घरातल्या विजेचा भाग, लागू झाला. घरातली ठरावीक विजेची कामं एकतर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनने करायची आणि त्याने आपल्या स्कीममार्फत, म्हणजे जिथे त्याची नोंदणी आहे त्या संस्थेमार्फत, तीस दिवसांत कळवायची, नाहीतर आधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला सांगून करायची. एप्रिल २०१३ मध्ये इंग्लंडने कळवायच्या कामांची यादी आखूड केली आणि किचनमधली किरकोळ कामं तिच्यातून वगळली. (कार्डिफ-स्वॉन्सीच्या वाचकांनी ही सूट आपली समजू नये, वेल्समध्ये ती आलेली नाही.) पण काम ज्या साली झालं त्या सालचा नियम लागतो. तुमचं २००९चं. किचन, फ्यूजबॉक्स, शॉवर, तिन्ही कळवायची होती.

घाबरू नका. आधी घरातली फाइल शोधा. किचन वाढवताना पाया बघायला बिल्डिंग कंट्रोलचा माणूस आला होता ना? मग शेवटी कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा दाखला, मिळालं असेल. त्या अर्जात वायरिंगही धरलेलं असेल तर निम्मं काम झालं. त्या मुलाचंही एकदा तपासा. रोख पैसे घेणारा प्रत्येक जण चोर नसतो. तो एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या स्कीममध्ये नोंदलेला असेल आणि त्याने काम कळवलं असेल, तर पत्त्यावरून शोधता येतं आणि थोडी फी भरून दुसरी प्रतही मिळते.

काहीच सापडलं नाही, तर ईआयसीआर, म्हणजे घराच्या आजच्या वायरिंगचा तपासणी अहवाल, करून घ्या. तीन बेडरूमच्या घराला अर्धा दिवस जातो आणि साधारण दीडशे ते तीनशे पौंड. (घर विकण्यासाठी हा अहवाल कायद्याने सक्तीचा नाही. दर पाच वर्षांची सक्ती भाड्याने देणाऱ्यांना आहे.) अहवालात कोड असतात. सी १ म्हणजे आत्ता, या क्षणी धोका. सी २ म्हणजे धोका होऊ शकतो. एफआय म्हणजे आणखी खोदून बघायला हवं. यांपैकी एकही असला तर अहवाल ‘असमाधानकारक’. सी ३ म्हणजे सुधारणा केली तर बरं. नुसते सी ३ कितीही असले तरी अहवाल समाधानकारकच.

हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमचा फ्यूजबॉक्स बहुधा पांढरा प्लास्टिकचा असेल आणि कुणीतरी येऊन सांगेल, ‘हा बेकायदा आहे, बदलावाच लागेल, सातशे पौंड.’ न जळणाऱ्या, म्हणजे पत्र्याच्या बॉक्सचा नियम २०१६च्या जानेवारीपासून नव्या बॉक्सना लागला. २००९ साली प्लास्टिकचाच बसवायचे, मीही पोत्याने बसवलेत.

माझी खरी नजर तुमच्या शॉवरवर आहे. असाच एक शॉवर मी तपासला होता, साडेनऊ किलोवॅटचा. म्हणजे ४१ अँपिअर. केबल सहा चौरस मिलिमीटरची. भिंतीवर मोकळी असती तर ४७ अँपिअर आरामात वाहिली असती. पण लॉफ्टमध्ये नंतर कुणीतरी जाडजूड इन्सुलेशन पसरलं होतं आणि केबल त्याच्याखाली. थंडीत आपण गोधडी घेऊन झोपतो तशी. त्या गोधडीखाली उष्णता अडकते, म्हणून तीच केबल ४० अँपिअरसुद्धा पेलत नाही. बाई म्हणाल्या, “दहा वर्षं चाललंय की!” मी हात लावून दाखवला तेव्हा गप्प झाल्या. असं काही निघालं तर ते दुरुस्त करा, आणि त्या दुरुस्तीचं मात्र नवं, खरं सर्टिफिकेट मिळेल. ते टीए ६ सोबत जोडा.

आता कळीची गोष्ट, आणि इथे लोक हमखास चुकतात. कौन्सिलला फोन करू नका. निदान सॉलिसिटरशी बोलल्याशिवाय नको. कारण तुमचा सॉलिसिटर बहुतेक ‘इन्डेम्निटी पॉलिसी’ सुचवेल. एकदाच हप्ता भरायचा, आणि पुढे कौन्सिलने या न कळवलेल्या कामावरून कारवाई केली तर खर्च विमा कंपनी देते. पण तुम्ही आधीच कौन्सिलला विचारून बसलात, तर कंपनी ही पॉलिसी देतच नाही. दुसरा रस्ता रेग्युलरायझेशनचा, म्हणजे झालेलं काम मागाहून मंजूर करून घेण्याचा : कौन्सिलला अर्ज, फी, तपासणी, प्रसंगी भिंत उघडून दाखवणे. सरळ रस्ता आहे, पण वेळखाऊ. दोन्ही रस्ते एकदम धरता येत नाहीत.

माझं मत विचाराल तर नुसती पॉलिसी म्हणजे कागदाने कागद झाकणं. तारेला आग लागली तर ती पॉलिसी कामाची नाही. ईआयसीआर करा, सी १-सी २ काढून टाका, आणि मग हवी तर वर पॉलिसी द्या. बहुतेक खरेदीदार यावर राजी होतात. फॉर्मवर मात्र खरं लिहा : काम केलं, सर्टिफिकेट उपलब्ध नाही, अहवाल सोबत. खोटं लिहिलंत तर घर विकल्यावरही दिशाभुलीचा दावा होऊ शकतो.

दिव्याखाली अंधार म्हणतात ते माझ्याच घरी झालं. रविवारी दुपारी गॅरेजला नवं सर्किट ओढलं, कळवायचं राहिलं. घर विकायला काढलं तोवर मी नोंदणी सोडली होती. मग ज्या पोराला मी शिकवलं, त्यालाच बोलावून तपासणी करून घेतली. पैसे पूर्ण घेतले त्याने. वर एक सी ३ काढला!

प्रश्न : माझा भाऊ पुण्यातला १९८८चा फ्लॅट विकतोय. तिथे असं काही सर्टिफिकेट लागतं का? (लेस्टर)

उत्तर : विक्रीच्या वेळी असा कागद कुणी मागत नाही. तिथे परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो तो महावितरणकडे, नवं कनेक्शन घेताना किंवा लोड वाढवताना. पण १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे : विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक. अर्थिंग तुटलेलं भावाला माहीत असेल तर ते त्यात बसू शकतं. एसी नंतर बसवले असतील, तर केबल त्या वेळी बदलली का, एवढं तरी विचारा त्याला. आणि मेनजवळ आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून बघायला सांगा. खटका पडला नाही, तर खरेदीदाराच्या आधी वायरमनला बोलवा.